मदत हवी आहे: सेले नदीच्या खोऱ्यातला ट्रेक, जेवणाचं काय करायचं?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई आणि मी फ्रान्समध्ये फिजाकहून जीआर ६५१ या लांब पल्ल्याच्या पायवाटेने सेलेच्या काठाकाठाने काब्रेरेपर्यंत चालणार आहोत. मार्सिलाकचा अर्धा पडलेला मठ आणि कड्यालाच चिकटून बांधलेला काब्रेरेचा शातो द्यू द्याब्ल हा जुना किल्ला निवांत बघायचाय, म्हणून जीआर ६५ चा, म्हणजे सांतियागोच्या यात्रेकरूंचा मेन रूट नकोच. पेश मेर्ल या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेचं बुकिंग झालंय, बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणारेही मिळाले. अडलंय जेवणावर, आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, मुक्कामांना फ्रेंचमध्ये मेल केले पण उत्तरं गोलमोल येतायत. गाडी नाही, आईला रोज १५ किमीच्या वर झेपणार नाही. त्या दिवसांत कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, मधल्या गावांत किराणा मिळतो का, जीतमध्ये (वाटेवरच्या साध्या मुक्कामघरांत) आपला स्वयंपाक करू देतात का, की सगळा शिधा फिजाकमधूनच न्यायचा?