बालीहून बोटीने गिली-लोंबोक: अनुभव लिहा

भटकी मांजर
काल मांडव्याच्या लाँचमध्ये डिझेलचा भपका आला आणि थेट बालीतल्या पडांगबाई बंदराचा धक्का आठवला. बालीहून गिली बेटांवर किंवा शेजारच्या लोंबोक बेटावर बोटीने गेलेल्यांनी लिहा. प्रवासवर्णन नको, पुढच्याला उपयोगी पडेल असं.
माझ्याकडून: पडांगबाईहून स्पीडबोट गिली त्रावांगन बेटाला साधारण दीड-दोन तासांत पोचते. बऱ्याच बोटींवर चढताना चपला काढून क्रेटमध्ये टाकायला लावतात. उतरताना चाळीस काळ्या चपलांत आपली शोधायची, म्हणून पट्ट्याला रंगीत दोरा बांधा. मोठी बॅग टपावर किंवा पुढच्या टोकाला जाते आणि भिजते. आत कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यात कपडे. पासपोर्ट अंगावरच.

खलाशी
सकाळची पहिली बोट. जून ते ऑगस्ट तर नक्कीच. हिंदी महासागराची लाट दक्षिणेकडून वर येते आणि बाली-लोंबोकमधल्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी खाली वाहतं. समोरासमोर भिडले की लाट आखूड नि उभी होते, बोट आपटते. दुपारी वारा चढला की विचारूच नका. पुढे बसू नका, नाक सगळ्यात जास्त उचलतं. अगदी मागेही नको, इंजिनांचा धूर. मध्याच्या जरा मागे.

शेंगदाणा
अ‍ॅव्होमिन तासभर आधी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पहिल्याच उलटीत बाहेर. तिकडे दुकानात आंतिमो मागा, तिथली बोट लागण्यावरची गोळी.

पोटोबा
शाकाहाऱ्यांनो, सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुधा तेरासी असते, म्हणजे आंबवलेला जवळा. नासी गोरेंगमध्येही (परतलेला भात). 'तान्पा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, असं सांगायचं.

भटकी मांजर
पोटोबा, धागा बोटीचा आहे 😄

पोटोबा
मग बोटीत उपाशी बसणार का ताई? मोठ्या फेरीबोटीवर पॉप मी मिळतं, कपातल्या नूडल्स.

गोगलगाय
मोठ्या फेरीबोटीचं कोणीच लिहीना. पडांगबाई ते लोंबोकचं लेंबार बंदर, ट्रक-मोटारसायकलींसकट, रात्रंदिवस. स्पीडबोटीच्या मानाने फारच स्वस्त, हलतेही कमी. चार-पाच तास म्हणतात, पण लेंबारला धक्का मोकळा होईपर्यंत बाहेर उभी करतात. पुढची गाडी ठरवताना दोन तास जास्तीचे धरा.
तिथून गाडीने लोंबोकचंच बांग्साल बंदर, मग गिलीची सार्वजनिक बोट. ती भरली की सुटते, म्हणून सकाळीच. गाडी बंदराच्या अलीकडेच थांबते. 'आजच्या बोटी संपल्या' सांगणारे वाटेत भेटतील. न थांबता तिकीट खिडकी गाठा.

वाट चुकलेला
निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस १८५६ मध्ये हीच सामुद्रधुनी ओलांडून लोंबोकला गेला. अलीकडचे बरेच पक्षी पलीकडे नाहीत, त्यावरून वॉलेस रेषा, म्हणजे आशियाई नि ऑस्ट्रेलियाकडच्या प्राण्यांमधली सीमा. कोणी विचारलं नव्हतं, माहीत आहे.

शेंगदाणा
😂

निवांत
ओपन रिटर्न (परतीची तारीख न ठरवलेलं) तिकीट असेल तर आदल्या दिवशी कळवून जागा पक्की करा. आणि परतीच्या बोटीच्याच दिवशी विमान नको. समुद्र खवळला की बंदरवाले बोटी सोडत नाहीत.

नवखी
गिलीवर एटीएम? रिक्षा?

गोगलगाय
त्रावांगनला एटीएम आहेत, पण कधीकधी रिकामी. रोख बालीहून नेलेली बरी. रिक्षा नाही, मोटारींना बंदीच. सायकल किंवा घोडागाडी, तिला चिडोमो म्हणतात.

नवखी
आभार! आणि मांजरताई, मांडव्याची लाँच पावसाळ्यात असते का हो?

भटकी मांजर
गेटवेची बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, हवा बरी असेल तर.