कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेज: फॉस्टर केअरमध्ये वाढलेल्या विद्यार्थ्याची ग्रँट थांबली आहे, मदत हवी

नमस्कार. मी सॅक्रामेंटोच्या बाजूला एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ गणित शिकवते. इथे कुणी काउन्सेलर किंवा सोशल वर्कर असेल तर कृपया सांगा. (मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

वर्गातला एक मुलगा, वय २०. आईवडिलांपासून कोर्टाने लहानपणीच काढून घेतलेला, वेगवेगळ्या फॉस्टर घरांत (म्हणजे सरकारी व्यवस्थेने सांभाळायला दिलेल्या परक्या घरांत) वाढलेला. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःहून बाहेर पडला. गेल्या सेमिस्टरला राहती खोली गेली, मित्रांच्या सोफ्यावर दिवस काढले, बरेच विषय अर्धवट सुटले. इथल्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना होस्टेल नसतं, हे भारतातल्या नातेवाइकांना पटत नाही. आता 'सॅप'च्या (अभ्यासात पुरेशी प्रगती असण्याच्या) अटीत बसत नाही म्हणून पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणाची मदत, बंद. जीपीए (ग्रेडची सरासरी) २.० हवा आणि घेतलेल्या युनिटांपैकी ६७ टक्के पूर्ण हवीत.

अपील करता येतं. पण त्यासाठी सगळं रामायण अनोळखी कमिटीला लिहून द्यायचं, ते त्याला नको. "त्यापेक्षा गोदामात जास्त शिफ्ट घेतो," म्हणतो. डोकं उत्तम आहे हो, कॅल्क्युलस सहज कळतं.

त्याला नेक्स्टअपबद्दल (कॉलेजातला फॉस्टर मुलांसाठीचा मदत-कार्यक्रम) सांगितलं, पण तो त्यांच्या ऑफिसात गेलाच नाही. मी जाऊन बोलले तर आगाऊपणा होईल का? आणि दुसरं, आपला स्वभाव डबा भरून देण्याचा. दिवाळीला जेवायला बोलवावं का? नवरा म्हणतो, दया केल्यासारखं वाटेल.

प्रतिसाद: मी दुसऱ्या कौंटीत (जिल्ह्यात) फॉस्टर मुलांसोबतच काम करते. आधी सर्वांत तातडीचं: वय २० आहे ना? एबी १२ कायद्याने २०१२ पासून इथे २१ पर्यंत फॉस्टर केअर मिळतं, आणि अठराव्या वर्षी कोर्टाच्या आदेशाखाली असलेल्याला २१ व्हायच्या आत परतही येता येतं. परत येणं म्हणजे कुणाच्या घरी राहायला जाणं नव्हे. खोली भाड्याने घेऊनही दरमहा पैसे मिळू शकतात. कॉलेज चालू असलं की अट भागते.

अपिलात रामायण नको. काय अडलं, आता काय बदललं, पुढचं सेमिस्टर कसं काढणार, एवढंच. "राहती जागा गेली" हे पुरेसं आहे. सोबत तुमचं पत्र जोडा, त्याला विचारून. त्याच्या मागे ऑफिसात जाऊ नका. "मी त्या बाजूलाच चाललेय, येतोस?" असं विचारा. प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात फॉस्टर विद्यार्थ्यांसाठी नेमलेला माणूस असतो, त्याचं नाव काढून ठेवा. फॉस्टर विद्यार्थ्यांसाठीच्या चेफी ग्रँटचंही विचारा, वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत मिळते.

दिवाळीचं म्हणाल तर एकट्याला नको. वर्गातल्या चार-पाच जणांना फराळ द्या, त्यात तो आलाच. या मुलांनी येणारी-जाणारी मोठी माणसं खूप पाहिलेली असतात. जेवढं निभेल तेवढंच कबूल करा.

धागाकर्ती: परत येता येतं हे माहीतच नव्हतं! मार्चमध्ये त्याला २१ होतील. कौंटीत नेमकं कुणाला गाठायचं? जुना सोशल वर्कर फोन उचलत नाही म्हणतो.

प्रतिसाद: कोर्टाने त्याला लहानपणी वकील दिलेला असणार. त्या वकिलाच्या ऑफिसला फोन करायला सांगा, याच आठवड्यात.