१५ जणांसाठी हुर्राकाचं थंडगार काहीतरी सुचवा

धागाकर्ती (पुणे):
एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गोव्यात डिचोलीला मामाकडे सगळी भावंडं जमतोय. १५ जण, त्यातले १२ घेणारे. मामाच्या ओळखीची काजूची भाटी (दारू गाळायची जागा) आहे, ताजा हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, मिळेल. मागच्या वेळी बाटलीतलं गोड पेय ओतून दिलं, तर दुसऱ्या ग्लासालाच सगळे कंटाळले. दुपारी अंगणात बसणार आहोत, ऊन मरणाचं असतं. जड न होणारं, घरच्या वस्तूंत होणारं काय करू? आणि एक बाटली पुण्याला आणली तर?

म्हापशाची सून:
लिम्का ही गोव्यातली नेहमीची जोडी आहे, पण तुम्हाला गोड नको तर साधा सोडा घ्या. एका ग्लासाला ६० मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, ग्लासभर बर्फ आणि वर सोडा. मिरची ठेचू नका, फक्त चीर द्या. पाच मिनिटांत तिचा वास उतरतो, मग काढून टाका, नाहीतर शेवटचे घोट घशाला झोंबतात.

१२ जण, प्रत्येकी तीन ग्लास धरले तर दोन लिटरच्या थोडं वर लागेल. ७५० मिलीच्या तीन बाटल्या पुरतात. बर्फ मात्र १० किलो सांगून ठेवा. तिथे हात आखडता घेतलात तर सगळं कोमट पाणी होईल.

कुडाळकर:
आमच्याकडे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालतात. दोन चमचे आगळ, हुर्राक, सोडा. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. अमृत कोकम वापरू नका, त्यात साखर असते, परत तोच गोडपणा. रंग इतका सुंदर येतो की काचेच्याच ग्लासात द्यावं.

धागाकर्ती:
आगळ घरात आहे! हुर्राक कमी पडला तर त्याच मापाने फेणी चालेल का?

म्हापशाची सून:
त्याच मापाने अजिबात नको. हुर्राक एकदाच गाळलेला, अल्कोहोल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. त्यात नीरो (बोंडांचा रस) मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी होते, ती ४० च्या वर जाते. ६० मिली हुर्राकाच्या जागी २० मिली फेणी पुष्कळ झाली. फेणीही ६० मिली ओतलीत तर उन्हात माणसं आडवी होतील.

आणखी एक. सगळं आधीच मोठ्या भांड्यात कालवून ठेवू नका. लिंबाचा रस ठेवून ठेवून कडवट लागायला लागतो आणि सोड्याचा दम जातो. हुर्राकाच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा, बाकी ग्लासातच.

सावंतवाडीचा:
न घेणाऱ्या तिघांना विसरू नका. आगळ, सोडा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, तसाच बर्फ, तशीच मिरची, तसेच ग्लास. भाटीवर सकाळी लवकर गेलात तर बोंडांचा ताजा नीरो मिळेल, पण तो लगेच प्यायचा. दुपारपर्यंत ठेवलात तर आंबायला लागतो, मुलांना तो देऊ नका.

पुण्याला बाटली आणायचं मनातून काढून टाका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि आमच्या बाजूच्या नाक्यांवर गाड्या उघडून बघतात. शिवाय हुर्राक फेणीसारखा टिकत नाही, चव उतरते. तिथेच संपवा. घेणाऱ्यांनी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी काढा.

धागाकर्ती:
बाटली रद्द. मामाला आत्ताच फोन केला, सगळे रात्री राहणार. निम्म्यांना लिंबू-मिरची, निम्म्यांना आगळ करते. तोंडी लावायला काय?

कुडाळकर:
उकडलेले शेंगदाणे आणि कैरीच्या फोडी, मीठ-तिखट लावून. तळलेलं जड होईल.