सायगाचे सुटे भाग मोजायचे की 'कोण बघतंय' म्हणायचं?

टेक्सासकर
ग्रीनकार्ड मिळाल्यावर मी एक जुनी रशियन सायगा, म्हणजे कलाश्निकोव्हच्या जातीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, घेतली. (एच-१बीवर असलेल्यांनो, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर तुम्हाला बंदूक बाळगताच येत नाही. आधी ते बघा.) ही रायफल 'खेळाची' (शिकार-नेमबाजीसाठीची) म्हणून आयात झालेली, म्हणजे पिस्तूलसारखी मूठ नाही. मला मूठवाला स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) बसवायचा आहे, आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जो तो म्हणतो, लाव बिनधास्त.

मी नाही लावला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या शाळेत गोळीबारात ५ मुलं मारली गेली, त्यानंतर थोरल्या बुशनी अशा रायफलींची आयात थांबवली. १९९० मध्ये केंद्राच्या बंदूक कायद्यात ९२२(आर) कलम आलं: जी रायफल आयात करता येत नाही, तशीच रायफल आयात केलेल्या भागांतून इथे जोडायची नाही. मूठ लावली की माझी सायगा तशीच होते. नियमात २० भागांची यादी आहे. त्यातले परदेशी १० पर्यंत चालतात, अकरावा नाही.

जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून मोजले. रिसीव्हर, बॅरल, ट्रनियन, बोल्ट, कॅरियर, पिस्टन, ट्रिगर, हॅमर, डिस्कनेक्टर, हँडगार्ड, हे १० रशियन. स्टॉक आणि मूठ अमेरिकन, मॅगझिनही (गोळ्या भरायचा डबा) अमेरिकन, तर हिशोब जेमतेम बसतो. पण मॅगझिनची बॉडी, फॉलोअर आणि तळपट्टी असे तीन भाग वेगळे धरतात. मित्राने रेंजवर त्याचं बल्गेरियन मॅगझिन हातात दिलं आणि मी खटकन लावलं, की १० चे १३! माझं म्हणणं एवढंच, की हे मोजल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

रानवाटा
तुमच्या नेमकेपणाचा आदर आहे, पण कायदा मुळातच चुकीचा आहे. मूठ ओहायोत बनली काय आणि तुर्कस्तानात बनली काय, गोळी तशीच सुटते. यातून एकाही मुलाचा जीव वाचत नाही, फक्त प्रामाणिक माणसाची झोप उडते. मी २० वर्षं रेंजवर जातोय, या एका कलमाखाली कुणाला उचललेलं पाहिलं नाही. जो कायदा राबवणाऱ्यांनाच महत्त्वाचा वाटत नाही, तो रद्द करा. तोवर मी तरी कुणाला टॉवेल अंथरायला सांगणार नाही.

एडिसनकर
गोळी तशीच सुटते हे बरोबर, पण त्यावरून मी अगदी उलट टोकाला जाते. स्टॉक्टनच्या मुलांच्या नावाने केलेला कायदा आज काय सांगतो? चार-पाच भाग अमेरिकन लावा आणि तीच रायफल खुशाल जोडा! माझी मुलगी तिसरीत आहे. वर्गातले दिवे बंद करून, भिंतीला चिकटून, आवाज न करता कसं बसायचं याचा सराव ती करते. घरी येऊन मला दाखवते. आमच्या न्यू जर्सीने १९९० मध्येच कलाश्निकोव्हच्या जातीच्या सेमी-ऑटोमॅटिकना नाव घेऊन बंदी घातली. भाग कुठे बनले हे तिथे कुणी विचारत नाही. कायदा असा हवा.

ऑस्टिनची_वकील
रानवाटा, 'कोण बघतंय' हा सल्ला ग्रीनकार्डवाल्याला देऊ नका, कळकळीने सांगते. जाणूनबुजून मोडलं तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीनकार्डधारकाला हद्दपार करता येतं. टेक्सासकर, नागरिक असलेल्या मित्राला जे परवडेल ते तुम्हाला परवडेलच असं नाही.

कलमातला शब्द 'जोडणे' आहे, बाळगणे नाही. त्यामुळे आधीच्या मालकाने काही बदललं असेल तर तो गुन्हा आपोआप तुमच्या माथी येत नाही. पण तुम्ही स्वतः स्टॉक बदललात की जोडणारे तुम्हीच. म्हणून आधीचे बदल शोधा, पावत्या जपा. आणि हे फक्त केंद्राचं झालं, राज्याचा कायदा वेगळा.

रानवाटा
हद्दपारीचा मुद्दा मान्य, त्याचा मी विचारच केला नव्हता. कायदा रद्द व्हावा हे मत मात्र कायम.

एडिसनकर
रद्द करून त्याजागी काय आणणार, ते सांगा. नुसतं रद्द मला नको.

टेक्सासकर
आधीच्या मालकाला आज फोन केला. हँडगार्ड त्याने बदलला होता, पण कुठल्या देशाचा ते त्याला आठवत नाही. सध्या मी तो परदेशीच धरतोय. मालक पावती शोधतो म्हणालाय. स्टॉक अजून खोक्यातच आहे.