'स्नब'ला मराठीत काय म्हणावं : हुकलं, वगळलं की डावललं?

एरंडवण्यात आमचं एक छोटं चित्रपट मंडळ आहे. दर महिन्याला चार पानांचं पत्रक निघतं आणि मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे असतं. या वेळचा विषय ऑस्करची नामांकनं आणि त्यांवरून होणारे वाद. पहिल्याच शीर्षकावर मी अडले : 'ऑस्करने स्नब केलेले दिग्गज'. इंग्रजीत 'स्नब' म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष करून अपमान करणं; पुरस्कारांच्या बाबतीत, अपेक्षित नाव यादीत न घेणं. पत्रक मराठी, वाचणारे मराठी, म्हणून मी 'स्नब केलेले' खोडून 'डावललेले' केलं. रविवारी लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हमधला खेळ सुटल्यावर फाटकाबाहेर त्यावरून तासभर वाद झाला. एकजण म्हणाला, 'वगळलेले' लिही, डावलणं हा फार मोठा आरोप झाला. दुसरी म्हणाली, आरोपच करायचाय आपल्याला. तिसऱ्याला 'हुकलेले' हवं होतं. घरी येऊन मी कोश काढून बसले, आणि आता इथे विचारते आहे.

मला स्वतःला हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालतील असं वाटत नाही.

'हुकणे'ला करणारा कोणी नसतो. बस हुकते, नेम हुकतो, मुहूर्त हुकतो. 'त्यांचं नामांकन थोडक्यात हुकलं' म्हटलं की दोष कुणाकडेच जात नाही.

'वगळणे'त यादी करणारा दिसतो, पण त्याच्या मनातलं दिसत नाही. दुखापत झालेल्या गोलंदाजालाही संघातून वगळतात आणि धावा न झालेल्या फलंदाजालाही. रविवार वगळून दुकान उघडं असतं. त्यात रविवारचा अपमान नसतो.

'डावलणे' वेगळं आहे. सेवाज्येष्ठता डावलून बढती देतात, नियम डावलून परवानगी देतात, निष्ठावंतांना डावलून बाहेरून आलेल्याला तिकीट देतात. प्रत्येक वापरात आधी एक हक्क उभा असतो आणि मग तो बाजूला सारला जातो. शब्दात 'डावा' आहे. देवळात प्रदक्षिणा घालताना आपण देव उजव्या हाताला ठेवतो. ज्याला मान द्यायचा तो उजवीकडे. 'डावं-उजवं करणे' हा भेदभावासाठीचा आपला जुना वाक्प्रचारही त्याच घरचा. म्हणून माझं मत असं की 'डावललं' लिहिणाऱ्याने तो हक्क कोणता ते दाखवायला हवं, नुसतं 'मला तो नट आवडतो' एवढ्यावर हे क्रियापद वापरू नये.

दुसरा प्रश्न पान तीनवरचा. तिथे 'विविधतेचा अभाव' असं शीर्षक आहे. तेही मला खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाहीये. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद

ताई, 'अनुल्लेखाने मारणे' कसं विसरलात? 'स्नब'च्या सगळ्यात जवळचं तेच आहे. समोरचा माणूस दिसतोय, त्याचं कामही माहीत आहे, आणि तरी त्याचं नाव घ्यायचं नाही. यादी हा तर उल्लेखाचाच प्रकार, तेव्हा तिच्यात नाव नसणं म्हणजे अनुल्लेख.

शीर्षकात मावायला लांब पडतं, हे मान्य. आमच्या कट्ट्यावर सरळ 'पत्ता कट' म्हणतात.

प्रतिसाद

मी निवृत्त शिक्षक, संस्कृत आणि मराठी शिकवत असे. एक गोष्ट आपल्या चर्चेत यावी असं वाटतं. 'पुरस्कार' म्हणजे पुरस् अधिक कार, पुढे करणे, समोर आणून ठेवणे. म्हणूनच 'एखाद्या मताचा पुरस्कार करणे' असंही आपण म्हणतो आणि त्यात बक्षिसाचा काही संबंध नसतो. याच्या अगदी समोरचा शब्द आहे 'तिरस्कार'. तिरस् म्हणजे आडवं, बाजूला, नजरेआड. संस्कृतात 'तिरस्कृ' म्हणजे बाजूला सारणे, झाकणे, दिसेनासं करणे, आणि त्यावरून अवमान करणे. मराठीत येईपर्यंत त्यातला 'झाकण्या'चा अर्थ गळून पडला आणि नुसता द्वेष उरला. पण पडद्याला संस्कृतात 'तिरस्करिणी' म्हणतात, तिथे मूळ अर्थ अजून शाबूत आहे.

तेव्हा पुरस्काराच्या यादीत न आलेला माणूस मूळ अर्थाने तिरस्कृत. आज तो शब्द वापरता येणार नाही, वाचणाऱ्याला त्यात तिटकारा ऐकू येईल. पण पुढे करणं आणि पडद्याआड करणं ही जोडी मनात ठेवली, तर लोकांना नेमकं काय लागतं ते कळतं.

प्रतिसाद

सर, तिरस्करिणीसाठी मनापासून आभार. आज चित्रपटगृहात पडद्याकडे बघताना ते आठवणार.

मूळ प्रश्नाबद्दल माझं मत जरा उलट आहे. आपण फार सहज 'डावललं' म्हणतो. २०१५ चं उदाहरण घ्या, कारण तुमच्या पत्रकात ते असणारच. 'सेल्मा' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होता आणि त्याच्या कृष्णवर्णीय दिग्दर्शक आवा ड्यूव्हर्ने दिग्दर्शनाच्या यादीत नव्हत्या. पण त्या वर्षी चित्रपट आठ होते आणि दिग्दर्शनाच्या जागा पाच. आठांपैकी चार चित्रपटांचे दिग्दर्शक बाहेर राहिले, त्यांत क्लिंट ईस्टवुडही होते. शिवाय दोन्ही याद्या करणारे लोक वेगळे : दिग्दर्शनाची नामांकनं फक्त दिग्दर्शक सभासद ठरवतात, चित्रपटाची सगळे मिळून. हे सगळं लक्षात घेतलं तर 'हुकलं' म्हणणंच न्यायाचं नाही का? ईस्टवुडचं हुकलं आणि ड्यूव्हर्नेंना डावललं, असं एकाच यादीबद्दल कसं लिहिणार?

प्रतिसाद

दादा, हिशोब बरोबर आहे, पण एका वर्षाचा आहे. ईस्टवुड यांना त्याआधी दिग्दर्शनाची दोन ऑस्कर मिळालेली होती. ड्यूव्हर्नेंच्या बाबतीत, तोवर एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला दिग्दर्शनाचं नामांकनच मिळालेलं नव्हतं. त्याच २०१५ मध्ये अभिनयाच्या चार विभागांतले वीसच्या वीस जण गोरे होते. अमेरिकेतल्या एप्रिल रेन यांनी 'ऑस्कर्स सो व्हाइट', म्हणजे 'ऑस्कर इतकं गोरं', हा हॅशटॅग तेव्हाच सुरू केला. २०१६ मध्ये पुन्हा वीसच्या वीस गोरे.

बस एकदा हुकते, दोनदा हुकते. पण तुमच्या थांब्यावर ती कधीच थांबत नसेल, तर 'आज हुकली' असं कोण म्हणेल? प्रत्येक दिवसाचा वेगळा हिशोब मांडला तर रोज काही ना काही कारण सापडतं, गाडी भरलेली होती, उशीर झाला होता. सगळे दिवस एकत्र ठेवले की क्रियापद बदलतं. एकाच यादीत एकाचं हुकू शकतं आणि दुसऱ्याला डावललेलं असू शकतं, कारण 'डावलणे'मधला हक्क एका वर्षाच्या यादीत दिसत नाही, मागच्या सगळ्या याद्यांमध्ये दिसतो.

मूळ प्रश्नकर्ती

हे मला पटलं, आणि 'हक्क दाखवायला हवा' या माझ्या म्हणण्यात ही दुरुस्ती मी स्वीकारते. मी हक्क म्हणजे एका कामाचा दर्जा धरत होते. शीर्षकाखाली प्रत्येक नावासमोर मागचा इतिहास एका ओळीत देईन.

प्रतिसाद

विषय नामांकनाचा आहे तर त्या शब्दाचंही बोलू. वर्तमानपत्रांत 'ऑस्कर मानांकन' वाचलं की त्रास होतो. मानांकन म्हणजे दर्जा ठरवून दिलेली खूण. टेनिसमध्ये अव्वल मानांकित खेळाडू असतो, आमच्या पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. पुरस्कारासाठी नाव पुढे जातं ते नामांकन. निवडणुकीत त्याचं नामनिर्देशन होतं, आणि महापालिकेत मतदान न होता जो येतो तो स्वीकृत नगरसेवक. इंग्रजीत या बहुतेकांना 'नॉमिनेट' हा एकच शब्द, आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी वेगळा. ही श्रीमंती आहे, ती एकमेकांत मिसळून घालवू नये.

आणि प्रवेशिकेला नामांकन म्हणणं तर थांबायलाच हवं. २००४ मध्ये 'श्वास' भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला. आपल्याला त्याचा केवढा अभिमान वाटला! पण त्याला नामांकन मिळालं नव्हतं, आणि आजही लोक 'श्वासला ऑस्कर नामांकन होतं' असं ठामपणे सांगतात. प्रत्येक देश एक प्रवेशिका पाठवतो, तिच्यातून लघुयादी होते, लघुयादीतून पाच नामांकनं, आणि त्यांतून एक पुरस्कार. चार पायऱ्या, चार शब्द. चित्रपट कोणत्या पायरीवर थांबला हे कळल्याशिवाय त्याला डावललं की नाही, आणि कुणी डावललं, हे कसं ठरवणार?

प्रतिसाद

याच मुद्द्यावर २०२४ ची आठवण. पायल कपाडिया आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. त्यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, पण फिल्म फेडरेशनच्या समितीने प्रवेशिका म्हणून 'लापता लेडीज' निवडला. तेव्हा आमच्या गटात सगळे 'ऑस्करने डावललं' म्हणत होते. ऑस्करने नाही, पहिल्याच पायरीवर इथल्या समितीने दुसरा चित्रपट निवडला. समितीत तेरा जण होते आणि तेराही पुरुष. पण निवडलेला चित्रपटही एका स्त्रीनेच, किरण राव यांनी, दिग्दर्शित केलेला आणि बायकांच्याच आयुष्यावरचा. तेव्हा 'बाईला डावललं' हे वाक्य इथे लागू होत नाही. 'निवडणारे सगळे एकाच साच्याचे होते' हे मात्र लागू होतं.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. यादीतली माणसं आणि यादी करणारी माणसं, या दोन्हींबद्दल आपण एकच 'विविधता' वापरतो.

मूळ प्रश्नकर्ती

हो, आणि आता मला काय खटकत होतं तेही सापडलं. 'विविधता' हा शब्द आपल्याला शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर भेटतो, 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे'. नटलेली विविधता. दागिन्यासारखी, शोभेची. ती नसली तर शोभा कमी होते, कुणाचं काही हिरावलं जात नाही. वर 'अभाव' हा शब्द पावसाचा अभाव, पाण्याचा अभाव असा येतो. जणू ती कमतरता आभाळातूनच आली. वीस नावं कागदावर लिहिणारे हात होते, ते 'अभावा'त दिसत नाहीत.

'सर्वसमावेशक' मी करून पाहिलं. त्यात सामावून घेणारा मोठा आणि सामावला जाणारा लहान, असा भाव येतो. ज्यांचा वाटाच आहे त्यांना कुणी सामावून कशाला घ्यायचं? 'प्रतिनिधित्व' मला त्यातल्या त्यात नीट वाटतं, कारण त्याच्यामागे लगेच 'कुणाचं?' हा प्रश्न येतो.

प्रतिसाद

'पंक्तिप्रपंच' घ्या. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात नाही. माझी आजी हा शब्द फार रागाने वापरायची, घरातल्या लेकी-सुनांच्या वाढण्याबद्दल.

प्रतिसाद

आजींचा शब्द चांगला आहे, पण त्याला एक अट आहे. पंक्तिप्रपंच व्हायला आधी पंक्तीत बसवावं लागतं. १९४० मध्ये हॅटी मॅकडॅनियल यांना सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. समारंभ लॉस एंजलिसच्या ज्या हॉटेलात होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याला रदबदली करावी लागली, आणि मग त्यांना आत घेऊन भिंतीजवळच्या वेगळ्या टेबलावर बसवलं. सहकलाकार दुसऱ्या टेबलावर. नाव घेतलं, पुरस्कार दिला, टाळ्या वाजवल्या, पंगत मात्र वेगळी. तुमच्या तीन क्रियापदांपैकी एकही इथे बसत नाही. त्यांचं काही हुकलं नाही, त्यांना वगळलं नाही, यादीत डावललंही नाही. आपल्या महाराष्ट्रात वेगळ्या पंगतीचा आणि वेगळ्या पाणवठ्याचा इतिहास आहे, आपल्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. मी 'पंक्तिभेद' लिहीन.

प्रतिसाद

एक छोटी भर. २०२० मध्ये ऑस्करने सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सहभागाचे निकष, म्हणजे पडद्यावर आणि पडद्यामागे आजवर बाहेर राहिलेल्या गटांना किती जागा आहे ते पाहणारे, जाहीर केले, चारांपैकी दोन पूर्ण करायचे, आणि २०२४ च्या सोहळ्यापासून ते लागू झाले. त्याला 'अटी' म्हणू नका, 'निकष'च म्हणा. निकष म्हणजे सोनं घासून पाहण्याचा कसोटीचा दगड, लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या सराफांकडे असायचा तसा. एवढंच की हे निकष चित्रपटाला लावतात, मत देणाऱ्याच्या नजरेला नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रक उद्या छपाईला जातंय, म्हणून काय ठरलं ते लिहिते.

पान एकचं शीर्षक दोन भागांत केलं : 'हुकलेले' आणि 'डावललेले'. दुसऱ्या भागात आता चारच नावं उरली आहेत आणि प्रत्येकासमोर मागच्या याद्यांचा इतिहास आहे. 'दिग्गज' काढून टाकलं. ज्यांना कधी पुढेच केलं नाही ते दिग्गज कुठून होणार? सरांचं पुरस्कार-तिरस्कार चौकटीत घेते आहे. पान तीनवर 'विविधतेचा अभाव' जाऊन 'एकाच साच्याची यादी : २०१५ आणि २०१६' आलं, आणि त्याखाली 'यादी कोण करतं?' असा वेगळा परिच्छेद. हॅटी मॅकडॅनियल यांच्यासाठी 'वेगळी पंगत' एवढंच लिहिलं आहे.

'अनुल्लेखाने मारणे' कुठे बसवायचं ते अजून सुचलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत ते खरं आहे असं मला वाटतं, ते सगळे आपल्याच मराठी पुरस्कारांतले आहेत. तो अंक पुढच्या महिन्याचा. नावं आणि वर्षं असतील तर पाठवा, तपासून घेईन.