पक्षाघातानंतर हाताचा कामाधारित सराव: ग्लास उचलताना धड पुढे जातं

न्यूरो_फिजिओ:
रुग्णाच्या पक्षाघाताला 10 आठवडे झालेत, उजवी बाजू. मनगट जवळपास 20 अंश वर येतं, बोटं थोडी उघडतात, खांदा दुखत नाही. ग्लास उचलून तोंडाशी नेण्याचा सराव चालू आहे. दर वेळी धड पुढे झुकतं, खांदा कानाकडे चढतो. 20-25 वेळा झालं की बोटं आवळतात, ग्लास सुटतच नाही. हे थांबवून आधी ताकदीचे व्यायाम घ्यावेत का?

ओटी_हात:
थांबवू नका, काम सोपं करा. हाताच्या टप्प्यात असलेल्या वस्तूसाठी धड हलायची गरजच नसते. ते हलतंय म्हणजे कोपर पुरतं सरळ होत नाहीये. पाठ खुर्चीला टेकवून छातीवरून रुंद पट्टा लावा. ग्लास रिकामा, प्लास्टिकचा, अरुंद घ्या (रुंद ग्लासला बोटं जास्त उघडावी लागतात) आणि टेबलाच्या कडेपासून 15 सेंमीवर ठेवा. 10 पैकी 8 वेळा नीट जमलं की एकच गोष्ट बदला: अंतर 5 सेंमीने वाढवा, किंवा थोडं पाणी घाला. दोन्ही एकदम बदललं तर चुकलं कशामुळे ते कळत नाही.

सोडण्याचा सराव वेगळा घ्या. मनगट वर असताना बोटं आपोआप मिटतात, खाली झुकलं की सैल होतात. म्हणून सुरुवातीला मनगट किंचित खाली ठेवून सोडू द्या, मग हळूहळू सरळ स्थितीत आणा. सोडताना ‘जोर लावा’ म्हणू नका, आवळणं वाढतं.

न्यूरो_फिजिओ:
आणि पुनरावृत्ती? एका सत्रात 300 हा आकडा सगळीकडे सांगतात.

पुनर्वसन_अभ्यासक:
प्राण्यांवरच्या प्रयोगांत एका सत्रात शेकडो पुनरावृत्ती असतात, आकडा तिथून आला. 2009 च्या एका निरीक्षणात प्रत्यक्ष उपचारसत्रांत हाताच्या कामाच्या सरासरी 32 च भरल्या, म्हणजे आपण बहुतेक फारच कमी घेतो. पण 2016 च्या चाचणीत, सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांमध्ये, एकूण 3200 आणि 9600 पुनरावृत्तींच्या परिणामांत ठळक फरक दिसला नाही. नुसत्या मोजणीवर विसंबू नका. तुमच्या रुग्णाची 20 नंतर हालचाल बिघडते, तर 15-15 चे गट, मध्ये 2 मिनिटं विश्रांती, आणि दोन-तीन वेगळी कामं आलटून पालटून: ग्लास, डब्याचं झाकण, ड्रॉवर.

ओटी_हात:
ताकदीचं राहिलं. कोपर सरळ करणाऱ्या आणि मनगट उचलणाऱ्या स्नायूंचे व्यायाम जोडीला जरूर घ्या, पण बदली म्हणून नको. एवढं मनगट आणि बोटं उघडत असतील तर चांगल्या हातावर मिट (तो हात वापरता येऊ नये म्हणून जाड हातमोजा) घालून कमजोर हाताच्या सरावाचाही विचार करा. या सरावाच्या मूळ पद्धतीत 2 आठवडे, जागेपणीचा 90% वेळ मिट असतो. चालताना तोल जात असेल तर चालण्याच्या वेळी मिट काढायचाच, आधाराला तो हात लागतो.

न्यूरो_फिजिओ:
प्रगती कशाने मोजू?

ओटी_हात:
बॉक्स अँड ब्लॉक चाचणी: 60 सेकंदांत पेटीच्या मधल्या फळीपलीकडे 2.5 सेंमीचे किती ठोकळे नेले, ते मोजायचं. दर आठवड्याला, त्याच खुर्चीवर, टेबलाची उंची तीच. सोबत बाजूने व्हिडिओ काढा. ठोकळे वाढले पण धडही जास्त झुकलं, तर अंतर पुन्हा कमी करा.