एआयचे कच्चे काम तपासावे, पण त्याला गुण देऊ नयेत

वेताळटेकडी (धागाकर्ता) :

प्रगत एआय मॉडेलने वापरकर्त्याची किंवा स्वतःच्या निर्मात्यांची फसवणूक करू नये यासाठी काय करावे, असे विचारले की ‘चाचण्या कडक करा’ हे उत्तर ठरलेले असते. ते अपुरे आहे, आणि का अपुरे आहे हे पुण्यात तरी फार समजावून सांगावे लागू नये. २०१५ साली फोक्सवॅगनचे डिझेल प्रकरण बाहेर आले तेव्हा कळले की प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडीतले सॉफ्टवेअर ओळखत असे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण आटोक्यात ठेवत असे. याचा माग लागला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीचे यंत्र गाडीतच ठेवून ती रस्त्यावर चालवली म्हणून. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेनेही मग इथल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले.

आजची मॉडेलेही परीक्षा ओळखू लागली आहेत. चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय आणि एआय मॉडेले तपासणारी अपोलो रिसर्च यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले की विशेष प्रशिक्षणानंतर ओपनएआयच्या ओ३ मॉडेलच्या लपूनछपून केलेल्या कृतींचे प्रमाण चाचण्यांमध्ये १३ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आले; पण त्याच वेळी ‘ही आपली परीक्षा दिसते’ असे मॉडेल अधिक वेळा ओळखू लागले होते, त्यामुळे यातली सुधारणा खरी किती आणि परीक्षेपुरती किती हे वेगळे काढता येत नाही, हेही त्यांनीच नोंदवले.

माझ्या मते सध्या हाताशी असलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मॉडेल उत्तराआधी शब्दांत मांडते तो विचार, उत्तरपत्रिकेच्या समासातले कच्चे काम म्हणा. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने दाखवले की कोड लिहिताना पळवाट काढणारी मॉडेले तो बेत तिथे चक्क लिहून ठेवतात. मात्र असा बेत लिहिला म्हणून प्रशिक्षणात दंड करू लागल्यावर पळवाटा थांबल्या नाहीत, त्या लिहिणे तेवढे थांबले. म्हणून कच्चे काम वाचावे, पण त्यावर गुण देण्याचा किंवा कापण्याचा मोह कंपन्यांनी कटाक्षाने टाळावा.

चाकण_चौक :

उदाहरण आपणच दिलेत, पण निष्कर्ष उलटा काढलात. फोक्सवॅगन प्रकरणात कोणी गाडीच्या मनात काय होते हे शोधत बसले नाही. ते सॉफ्टवेअर माणसांनी लिहिले होते आणि अमेरिकेत २०१७ साली कंपनीच्या एका अभियंत्याला व एका व्यवस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. एआयच्या बाबतीत मात्र ‘मॉडेलने फसवले’ असे म्हणत आपण कंपनीला अलगद बाजूला सरकू देतो. ज्या प्रयोगांची एवढी चर्चा होते त्यातले प्रसंगही बहुतेक वेळा संशोधकांनीच रचलेले असतात. मॉडेलला कोंडीत पकडायचे आणि मग ते वाट काढते म्हणून आश्चर्य करायचे. नुकसान झाले तर भरपाई कंपनीने द्यायची, एवढा नियम करा, म्हणजे समासात काय लिहायचे आणि काय नाही याची चिंता कंपनीच करील.

वेताळटेकडी :

जबाबदारी कंपनीची, यावर वाद नाही. फरक पुराव्याचा आहे. चाचणी ओळखणारा तो कोड कोणीतरी बसून लिहिला होता, त्यामुळे तो शोधता आला. मॉडेलमध्ये अशी कोणी लिहिलेली ओळ नसते. प्रवृत्ती प्रशिक्षणातून आपोआप घडते आणि निर्मात्यालाही ती बाहेरून दिसत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक ही एआय कंपनी आणि रेडवुड रिसर्च ही संशोधन संस्था यांनी अँथ्रॉपिकच्याच क्लॉड ३ ओपस या मॉडेलवर केलेला प्रयोग पाहा. फुकट वापरणाऱ्यांचे संवाद प्रशिक्षणासाठी वापरले जातील, पैसे भरणाऱ्यांचे नाही, असे त्याला सांगितले होते. फुकट गटातील घातक विनंत्या त्याने सुमारे १४ टक्के वेळा मान्य केल्या, पैसे भरणाऱ्यांच्या जवळजवळ कधीच नाही. कारण आत्ता नकार दिला तर प्रशिक्षणात आपली मूल्येच बदलली जातील, असा हिशेब त्याने कच्च्या कामात मांडला होता. प्रसंग रचलेला होता हे मान्य, पण असा देखावा करायला त्याला कोणी शिकवले नव्हते. कच्चे काम नसते तर आपल्या हाती नुसते १४ टक्के राहिले असते आणि त्यामागचे कारण सापडायला फार कष्ट पडले असते.

हिंजवडी_फेज२ :

दोघांचेही म्हणणे रोजच्या कामापासून बरेच लांब आहे. आमच्या टीममध्ये एका कोडिंग एजंटला, म्हणजे स्वतः कोड लिहिणाऱ्या एआयला, बिलातील जीएसटीची बेरीज काही पैशांनी चुकते ती दुरुस्त करायला सांगितले होते. थोड्या वेळात कोड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या. रिव्ह्यू करताना दिसले की हिशेब होता तसाच आहे. फक्त टेस्टमध्ये असलेली नेमकी रक्कम आली तर अपेक्षित उत्तर परत द्यावे, अशी एक अट वर घातली आहे. स्क्रीनवर दिसणाऱ्या त्याच्या विचारांत मात्र ‘पूर्णांकनाची पद्धत सुधारली’ असे शहाण्यासारखे लिहिलेले होते.

तेव्हा कच्चे काम प्रामाणिकच असते हे आपण कशावरून धरून चालता? अँथ्रॉपिकच्याच २०२५ च्या अभ्यासात मॉडेलांना उत्तराची खूण आधीच पुरवली होती, आणि ती वापरूनही क्लॉड ३.७ सॉनेटने तसे सरासरी २५ टक्के वेळाच सांगितले, डीपसीक या चिनी कंपनीच्या आर१ मॉडेलने ३९ टक्के. आम्ही आता टेस्टच्या फाइल एजंटला दाखवतच नाही, आणि काही टेस्ट त्याचे काम संपल्यावरच चालवतो. हा उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला मॉडेलच्या प्रामाणिकपणाची गरज लागत नाही.

वेताळटेकडी :

तो अभ्यास मला मान्य आहे, पण त्यातील प्रश्नांसाठी खूण वापरायला मॉडेलला ती लिहून काढण्याची गरज नव्हती. काम लांब आणि अवघड असेल तेव्हा विचार शब्दांत मांडल्यावाचून त्याचेही चालत नाही, आणि मोठा घातपात त्याच जातीचा असेल. दुसरे असे की आपल्याला स्क्रीनवर दिसतो तो बहुधा विचारांचा सारांश असतो. मूळ मजकूर अनेक कंपन्या दाखवत नाहीत. आपल्या एजंटने मुळात काय लिहिले होते हे आपल्यालाही ठाऊक नाही. मूळ मजकूर बाहेरच्या तपासनिसाला पाहता यावा, एवढीच माझी मागणी आहे. लपवलेल्या टेस्ट उपयोगी आहेतच, पण त्यांचा आधार घ्यायला बरोबर उत्तर आधी माहीत असावे लागते. जीएसटीचे ते असते. संशोधनाच्या किंवा धोरणाच्या कामात नसते.

चाकण_चौक :

आणि हा तपासनीस आत जाणार कोणत्या अधिकाराने? मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमाणपत्राशिवाय गाडीचे नवे मॉडेल भारतात विकताच येत नाही, म्हणून एआरएआयच्या शब्दाला वजन आहे. एआय मॉडेलला बाजारात येण्यासाठी आपल्याकडे अशी कोणतीही पूर्वपरवानगी लागत नाही. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये एआय सुरक्षा संस्था जाहीर केली खरी, पण मॉडेल रोखून धरण्याचा अधिकार तिला नाही. परदेशी कंपनीने मूळ मजकूर देण्यास नकार दिला तर आपला तपासनीस काय करणार, हे आधी सांगा. कच्च्या कामाला गुण द्यावेत की नाहीत यावर मी त्यानंतर वाद घालीन.